पश्चिमेकडची दुहेरी काच

जव्हारचे पठार पश्चिमेला जिथे एकाएकी संपते आणि खाली दरी सुरू होते, तिथे अगदी कडेला इदरीसभाईंचे कौलारू घर होते. घराच्या मागच्या खोलीला एकच खिडकी, पण तिच्यातून सारी दरी दिसे. पावसाळ्यात तिच्यातून धुके आत येई, हिवाळ्यात उबदार ऊन येई, आणि चैत्र लागला की दुपारनंतर भट्टीचे दार उघडावे तशी झळ येई. इतकी वर्षे त्याचे कोणाला काही वाटले नव्हते. उन्हाळा हा सोसायचाच असतो, असे घरातली माणसे मानून चालली होती.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मात्र थंडी सरता सरता अनीसाबींना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी इदरीसभाईंना बजावले, "यांना या वर्षीचा उन्हाळा सोसणार नाही. गार जागेत ठेवा." गार जागा आणायची कुठून? पुढच्या खोलीत रस्त्याचा धुरळा, स्वयंपाकघरात चुलीचा धूर. पलंग मांडता येईल अशी खोली ती मागचीच. खिडकीच्या फळ्या लावल्या तर काळोखात अनीसाबींचा जीव घुसमटे, आणि लाकूड तापून तेही झळ मारी. पंखा होता, पण वीज नेमकी दुपारी दगा देई.

भिवंडीला मागाच्या कारखान्यात मेकॅनिक असलेला त्यांचा मुलगा सादिक येऊन, सगळे पाहून, निकाल देऊन गेला. "अब्बा, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येतो आणि अम्मीला नेतो. तळमजल्याची खोली आहे, वीज जात नाही. तुम्हीही चला. आता इथे राहण्याचा हट्ट नको."

सादिकच्या एसटीचा धुरळा खाली बसल्यावर अनीसाबी म्हणाल्या, "तुम्ही सगळे म्हणाल तर जाईन. पण तिथे खिडकी उघडली की समोरच्याची मोरी दिसते. मी काय मोरीकडे पाहत पडून राहू?"

ते वाक्य इदरीसभाईंच्या मनात खोल रुतले. मुंबईच्या तंत्रशाळेतून शिकून बाहेर पडल्यापासून त्यांनी सारी नोकरी तिकडच्याच एका शीतगृहात केली होती. महिन्याकाठी एकदा घरी यायचे आणि पाहुण्यासारखे परत जायचे. या घराची कौले, या घराची आजारपणे, सादिकची शाळा, सासूसासऱ्यांची अखेर, सगळे अनीसाबींनी एकटीने निभावले होते. निवृत्त होऊन परतलेल्या माणसाने त्या बाईला तिच्याच घरात एक उन्हाळा सुखाचा देऊ नये, तर मग ते शिक्षण कशासाठी?

शीतगृहाच्या दाराला आतले पाहण्यासाठी एक लहान झरोका असे. त्याला दोन काचा, मध्ये बोटभर हवा कोंडलेली. आतून बर्फाचा गारठा, बाहेरून मुंबईचा उकाडा, पण दोघांची गाठ म्हणून पडत नसे. जी काच आतली थंडी बाहेर जाऊ देत नाही, ती बाहेरची उष्णता आत कशी येऊ देईल? विचार सरळ होता. इदरीसभाईंनी नाशिकहून काचा मागवल्या आणि शेजारचे सुतार नूरमोहम्मद यांना अंगणातच कामाला बसवले.

"एका खिडकीला दोन काचा!" रंधा मारता मारता नूरमोहम्मद म्हणाले. "इदरीसभाई, एका नाकावर दोन चष्मे घातलेला माणूस पाहिलात कधी?"

"नूरभाई, तुम्ही खाच सरळ पाडा. नाकाचे मी पाहतो."

"खाच सरळच आहे. वाकडं काय आहे ते मी कशाला बोलू?"

अंगणात लाकडाचा ढीग साचला, पण खिडकी झाली मोठी देखणी. फट म्हणून कुठे राहिली नाही. इदरीसभाईंनी एक तापमापक पुढच्या खोलीत टांगला, एक मागच्या, आणि दुपारभर ते येरझाऱ्या घालत राहिले. ऊन पश्चिमेला कलले तसा मागच्या खोलीतला पारा चढू लागला, आणि चढतच गेला. पूर्वी निदान फटीतून झुळूक तरी येई, आता तीही बंद झाली होती. पलंगावर अनीसाबी पदराने वारा घेत होत्या.

"थोडा फरक आहे, नाही का?" त्यांनीच विचारले. नवऱ्याचा चेहरा त्यांना पाहवत नव्हता.

"खोटं बोलू नकोस," इदरीसभाई म्हणाले. "घामाने उशी भिजली आहे."

नूरमोहम्मद त्या दिवशी चष्म्याचा विनोद करायचे विसरले. नुसतेच म्हणाले, "मे महिन्याला अजून काही आठवडे आहेत. पाहू."

पुढच्या शुक्रवारची गोष्ट. इदरीसभाई नमाजाला गेले असताना पोशेरा गावचा फागू बैलगाडी घेऊन आला. पावसाचा मारा पश्चिमेचा, म्हणून मृगाच्या आधी घराच्या त्या भिंतीला गवताच्या ताट्या बांधायच्या आणि दिवाळीला उतरवायच्या, ही या भागाची रीत. बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत गवत दाबून विणलेल्या या ताट्या फागूच्या घरून दरवर्षी येत. यंदा त्याच्या बहिणीचे लग्न मे महिन्यातले. तेव्हा गाडीला सवड होणार नाही, म्हणून तो आधीच घेऊन आला होता. अंगणात नूरमोहम्मद यांचे लाकूड, तेव्हा त्याने सगळ्या ताट्या नेऊन मागच्या भिंतीला टेकवल्या. भिंत झाकली आणि खिडकीही झाकली.

इदरीसभाई परतले तेव्हा फागू सावलीत बैलांना पाणी दाखवत होता.

"अरे फागू, हे काय केलंस? सगळा उजेड अडवलास! बाई आजारी आहेत आत!"

"मंग ठिवू कुठं? तुमच्या अंगनात तं लाकडाची जत्रा भरली," फागू म्हणाला. "काढतो की. वरडता कशाला?"

तेवढ्यात आतून अनीसाबींचा आवाज आला. "त्याला रागावू नका हो. ठेव रे फागू, काढू नकोस. आज मला घाम आलेला नाही."

फागू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाय सांगते ठिव, तुमी सांगता काढ. आधी घरात ठरवा, मंग मला सांगा."

इदरीसभाई त्याच्याशी बोलायचे सोडून आत धावले. त्यांनी काचेला तळहात लावला. गार. खिडकीशेजारच्या भिंतीला लावला. तीही गार. रोज या वेळेला त्या भिंतीवर हात ठरत नसे. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि मोठ्याने हसू लागले.

"काय झालं?" अनीसाबींनी विचारले.

"अगं, माझ्या शीतगृहाच्या त्या दाराला ऊन कधी लागलंच नव्हतं! ते दार इमारतीच्या पोटात होतं. तिथे नुसत्या गरम हवेशी गाठ होती. इथे सूर्य स्वतः दारात उभा आहे. त्याला काच एक काय आणि दोन काय! तो आरपार आत येतो, आणि सोबत भिंत तापवतो. त्याला बाहेरच थांबवायला हवं."

"आणि आपण पावसासाठी भिंत झाकतो," अनीसाबी सावकाश म्हणाल्या, "उन्हासाठी उघडी टाकतो."

नूरमोहम्मद यांनी मात्र हरकत घेतली. "दिवाळीनंतर ताटी ठेवतो तो आळशी, असं गाव म्हणतं. तुम्ही तर चैत्रात बांधायला निघालात. लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. पण हिला दरी दिसली पाहिजे. त्यासाठी तुमचे हात लागतील, नूरभाई."

मग तिघे कामाला लागले. भिंतीवर ताट्या पक्क्या बांधल्या. खिडकीपुढची ताटी तेवढी वरच्या बाजूने बिजागऱ्यांवर टांगली आणि बाहेरच्या अंगाला उचलून धरली. कपाळावर हात आडवा धरून माणूस लांबचे पाहतो, तशी ती खिडकी दिसू लागली. ताटीची दोरी कप्पीवरून आत पलंगापाशी आणली. ऊन कलेल तशी ताटी खाली सोडायची. तिच्याखालून दरी दिसतच राही.

सावली झाल्यावर इदरीसभाईंनी दुसऱ्या काचेचीही शिस्तीत परीक्षा घेतली. एक दिवस दोन काचा ठेवल्या, एक दिवस एक. पाऱ्यात सांगण्याजोगा फरक पडला नाही. रात्रंदिवस यंत्राने गार ठेवलेल्या खोलीला दुहेरी काच लाखमोलाची. पण जव्हारच्या घराला आधी सावली हवी, मग वारा हवा, हे त्यांनी मनाशी मान्य केले. त्यांनी खिडकीला उघडमिटीची एकेरी काच ठेवली आणि उरलेली काच गवतात गुंडाळून फागूच्या गाडीत घातली.

"ही तुझ्या छपरात बसव. कशी बसवायची ते दाखवायला नूरभाई आणि मी लग्नाला येऊ तेव्हा चढू वर."

"छपरात काच?" फागूने ती उन्हात धरून पाहिली. "माझ्या बायकोला, चैतीला, चुलीपाशी भर दुपारचा दिवा लागतो. तिला आवडंल." मग म्हणाला, "पन दोघं म्हातारे माझ्या छपरावर चढू नका. लगीन मोडंल."

ठरलेल्या रविवारी सादिक आला. एसटीच्या तापलेल्या पत्र्यात भाजून निघालेला, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात रिकामी पिशवी. मागच्या खोलीत शिरत तो म्हणाला, "अम्मी, सामान बांधलंय ना? चारची गाडी आहे."

"आधी पाणी पी. जरा टेक."

"टेकायला वेळ नाही," असे म्हणत तो जमिनीवर बसला. पाणी प्यायला. भिंतीला पाठ लावली आणि दचकून मागे वळून पाहिले. मग ती पाठ त्याने परत टेकवली. उघड्या खिडकीतून दरीतला वारा येत होता. भिवंडीच्या रात्रपाळीबद्दल काहीतरी सांगता सांगता त्याचा शब्द अर्ध्यावर राहिला आणि मान कलली.

इदरीसभाई उंबऱ्यात उभे होते. चारची गाडी निघून गेल्याचा आवाज बाजाराकडून आला. त्यांनी मुलाला उठवण्यासाठी पाऊल उचलले, तोच अनीसाबींनी हात वर केला. ऊन कलले होते, आणि त्याची एक तिरीप सादिकच्या डोळ्यांकडे सरकत होती. पडल्या पडल्या त्यांनी दोरी सैल सोडली. ताटी वीतभर खाली आली आणि मुलाचा चेहरा सावलीत गेला.

"झोपू दे," त्या म्हणाल्या. "उठला की चहा द्या, आणि शेवटच्या गाडीत बसवा. त्याला एकट्यालाच."

नूरभाईंचे हात, फागूची गाडी, आणि इतकी वर्षे हे घर उभे ठेवणारी ही बाई. कोणाकोणाचे म्हणून आभार मानायचे? इदरीसभाई हलक्या पावलांनी स्वयंपाकघरात गेले आणि चुलीवर तिघांच्या चहाचे आधण ठेवले.