दहावीचा पाट

मुखेडच्या पुढं एका देवस्थानाचं विद्यालय आहे. तिथं सचिव शेषेरावांच्या सहीशिवाय खडूची पेटीसुद्धा फुटत नसे. हा दरारा त्यांना मनापासून आवडायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही.

त्यांची पुतणी ऋतुजा लातूरला बँकेत होती. तिच्यासाठी शेषेरावांनी गणिताचे आदिनाथ सर हेरून ठेवले होते. हदगावचा पोरगा, अनुदानित शाळेत कायम नोकरी, सुपारीचंही व्यसन नाही. असा नवरदेव आजच्या काळात मिळणं म्हणजे काय, ते लेकींच्या बापांनाच विचारावं. शेषेरावांनी हदगावहून परस्पर पत्रिका मागवली, जुळवून घेतली, बत्तीस गुण निघाले. ते बत्तीस गुण त्यांनी सलूनपासून सोसायटीपर्यंत साऱ्या गावाला ऐकवले. आदिनाथला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

शाळा उघडल्यावर एका रविवारी त्यांनी त्याला घरी बोलावलं आणि पेढ्यांचा बॉक्स पुढं केला. आदिनाथनं सगळं ऐकून घेतलं. मग खाली मान घालून म्हणाला, "सर, मी गे आहे."

"घे की मग! दोन घे," शेषेराव म्हणाले.

बिचाऱ्याला सगळं साध्या मराठीत पुन्हा सांगावं लागलं. आपल्याला बायकांची ओढ नाही. नांदेडला मिहिर म्हणून एक जण आहे, त्याच्याशी सहा वर्षांपासून जीव जडलाय, दर शनिवारी आपण तिकडंच जातो.

"दुसरं कुणी स्थळ आणलं की मी पत्रिका जुळत न्हाई म्हणून मोकळा होतो," तो म्हणाला. "पण तुम्ही मला वडिलांवाणी. तुमच्या घरच्या पोरीला फसवायला मन घेत न्हाई, सर. एवढं तुमच्याजवळच ठेवा."

पेढा शेषेरावांच्या तोंडात होता, तो गिळायचंही भान राहिलं नाही. शेवटी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ठेवतो. फिकीर करू नको."

आणि खरंच, चांगले पंधरा दिवस त्यांनी ते ठेवलं. एवढा काळ एखादी गोष्ट पोटात ठेवण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

घात झाला तो देवळाच्या ओट्यावर. संस्थेचे अध्यक्ष शिवमूर्ती अप्पा आणि दोन विश्वस्त बसले होते. अप्पांनी सहज विचारलं, "शेषेराव, एवढे बत्तीस गुण निघाले, आन् मास्तर नको म्हणला? पोरीत काही खोट निघाली का?"

पोरीचं नाव निघालं आणि शेषेरावांच्या मस्तकात तिडीक गेली. पत्रिकेवर ढकलावं तर बत्तीस गुणांची दवंडी त्यांनीच पिटलेली. "खोट पोरीत न्हाई, मास्तरात हाय," ते बोलून गेले. एवढं बोलल्यावर पुढचं सांगणं आलंच. सांगून झाल्यावर तिघं एकमेकांकडं बघू लागले, तेव्हा कुठं त्यांना कळलं आपण काय केलं ते.

अप्पा तसे आरडाओरडा करणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात शेषेरावांना समोर बसवलं. "माझं त्याच्याशी वैर न्हाई. निकाल चांगला लावतो, पोरं जीव टाकत्यात. पण शाळा देवस्थानाची हाय. गुरुपौर्णिमेला पोरं पाय धुत्यात त्याचे. ज्याचे पाय धुवायचे त्यो आमच्या धर्माला धरून वागणारा पाहिजे, एवढं ठरवायचा हक्क आम्हाला न्हाई का?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. देऊळ शाळेच्या कितीतरी आधीचं. पाद्यपूजा शाळेनं सुरू केलेली नव्हती, देवळातून शाळेत आली होती. दर गुरुपौर्णिमेला प्रत्येक वर्गाचा पाट मांडायचा, वर्गशिक्षकानं त्यावर बसायचं, पोरांनी पाय धुऊन गंधफूल वाहायचं आणि गुरुजींनी वर्गाला एक वाक्य उपदेश करायचा, ही रीत. आदिनाथ दहावीचा वर्गशिक्षक. त्याचा उपदेश दरवर्षी एकच असे: "पेपर कोरा गेला तरी चालंल, कॉपी करू नका."

"वकिलाला विचारलंय," अप्पा म्हणाले. "पगार सरकारचा, त्यामुळं असं उचलून बाहेर काढता येत न्हाई. आपण होऊन गेला तर बरं. तुम्ही समजावा. न्हाई ऐकलं तर नोटीस काढू, तुमच्या सहीनं. सांगितलं तुम्हालाच हाय त्यानं."

मधल्या सुट्टीत शेषेरावांनी आदिनाथला मैदानातल्या लिंबाखाली गाठलं. कसंबसं सांगितलं. तो चिडेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला,

"मी तुम्हालाच सांगितलं होतं, सर."

शेषेरावांनी खिशातला रुमाल काढला आणि उगीच कपाळ पुसलं.

"पाट देवस्थानाचा हाय," आदिनाथ म्हणाला. "उठ म्हणलं तर उठतो. पाय धुऊन घ्यायला मी इथं आलो न्हाई. पूजा कुणाची करायची ते त्यांनी ठरवावं. पण वर्गातून उठणार न्हाई. तिथं मी गणित शिकवतो. माझं गणित चुकलं असंल तर सांगा, आत्ता राजीनामा देतो."

"पण अप्पा..."

"आन् कुणी विचारलं तर मी न्हाई म्हणणार न्हाई. कॉपी करू नका म्हणून पोरांना सांगतो मी. मग कोणत्या तोंडानं खोटं बोलू?"

गुरुपौर्णिमेला सभामंडपात पाट मांडले गेले. दहावीच्या पाटावर कुणी बसलं नव्हतं. आदिनाथ नळाजवळ उभा राहून पोरांना तांबे भरून देत होता. कुणीतरी ड्यूटी लावल्यासारखा, शांत. दहावीची पोरं मात्र गोंधळली होती.

"पाट रिकामा दिसतो," अप्पा शेषेरावांच्या कानाशी लागले. "तुम्ही बसा. आन् नोटीस टाईप करून ठेवलीय. पूजा झाली की ऑफिसात या."

शेषेराव बसले. गेली कित्येक वर्षं असं पाटावर बसायला मिळावं असं त्यांना मनातून वाटायचं. सचिवाचे पाय कोण धुतो? आता मनस्विनी नावाची पोरगी त्यांच्या पायावर पाणी घालत होती, आणि कधी एकदा हे संपतं असं त्यांना झालं होतं. तिनं गंध लावलं, फूल ठेवलं. मग अख्खा वर्ग हात जोडून उपदेशाची वाट बघू लागला.

नेहमी खरं बोला, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. आणि मिटलं. खरं बोलणारा तिकडं नळाजवळ उभा होता. घडलं ते पोरांना सांगून टाकावं, असंही क्षणभर आलं मनात. पण ते सांगणं म्हणजे त्या पोराला दुसऱ्यांदा चव्हाट्यावर मांडणं होतं. शेषेरावांना लाज वाटली. साठीच्या घरात आलेल्या माणसाला इतकी लाज वाटू शकते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"कुणी विश्वासानं काही सांगितलं," ते म्हणाले, "तर ते दुसऱ्याला सांगू नका."

पोरांनी नमस्कार केला. मनस्विनी पंचा आणायला विसरली होती, म्हणून आदिनाथच घेऊन आला.

"पाय पुसा सर, फरशी ओली हाय," तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "उपदेश चांगला होता. जरा उशिरा आला."

ऑफिसात अप्पांनी नोटीस पुढं सरकवली. शेषेरावांनी ती वाचलीसुद्धा नाही.

"अप्पा, पाटाचं तुम्ही ठरवलंत, मी काही म्हणलो न्हाई. ते देवाघरचं हाय. पण वर्ग त्याचा हाय. ह्याच्यावर माझी सही होणार न्हाई."

"मग सचिव दुसरा बघावा लागंल."

"बघा."

"दुसऱ्याची सही घेईन मी."

"घ्या. त्यो वर्गातून उठणार न्हाई, आन् मी आता त्याच्याच बाजूनं हाय." शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला. बाहेर आले तेव्हा दहावीच्या वर्गात आदिनाथ पोरांना गणित समजावत होता.

घरी जाताना सलूनवाल्या व्यंकटीनं त्यांना हटकलं. दुकानात चारसहा गिऱ्हाइकं बसली होती. "काय हो शेषेराव, तुमच्या ऋतुजाचं अन् मास्तराचं काय झालं? का मोडलं?"

शेषेराव थांबले.

"पत्रिका जुळली न्हाई," ते म्हणाले.

"आँ? अन् ते बत्तीस गुण? तुम्हीच तर गावभर सांगत होता!" गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली.

"हाव," शेषेराव म्हणाले. "बघण्यात चूक झाली. माझीच."