नवमीचा विसावा

"समोरचा ओरडायला लागला, की आपला आवाज एक पायरी खाली आणायचा. आणि पडद्यावर जे दिसतंय ते अक्षरन् अक्षर वाचून घ्यायचं. आपल्या मनचं काही घालायचं नाही."

तिला हे काम शिकवणारे कमळाकर सर निवृत्त होऊन गेले, तरी त्यांचं हे सांगणं स्मिताच्या कानात होतं. आत्ता त्याच कानात हौसेराव ओरडत होते.

"ओ बाई, काय बदललंय म्हणून काय विचारताय? काहीच बदललं नाही! परवापर्यंत लॉगिन होत होतं, आज होत नाही. संपला विषय."

"पडद्यावर काय येतंय, ते जरा वाचून दाखवता का साहेब?"

"वाचायचा पगार तुमाला आहे, मला नाही."

हौसेराव बेलापूरच्या हेड ऑफिसात बसत. त्यांचा कारखाना तळोज्याला, बॉयलरच्या व्हॉल्व्हचा. प्रत्येक व्हॉल्व्हची दाबाची चाचणी कारखान्यातल्या एका जुन्या वर्कस्टेशनवर नोंदली जाई. ज्या कंपनीने ते बनवलं ती त्याला केव्हाच विसरली होती. अशी म्हातारी मशीनं सांभाळायची, हेच महाप्यातल्या स्मिताच्या ऑफिसचं काम. हौसेराव बेलापूरहून त्या मशीनमध्ये शिरत आणि चाचण्यांचे अहवाल उघडत. आज नेमका गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर समोर चहा पीत बसला होता, आणि मशीन हौसेरावांना आत घेत नव्हतं.

"दसऱ्याच्या सुट्टीत कुणी बंद केलं होतं का?"

"कोणाची हिंमत आहे? त्या मशीनच्या बटनाला हात लावला तर घरी पाठवीन, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. ते जाऊ द्या, तुमच्यात कोणी पुरुषमाणूस नाही का? त्याला द्या फोन."

स्मिताने आवाज आणखी एक पायरी खाली आणला. "सध्या मीच आहे साहेब. मशीनजवळ कोण असतं, त्यांच्याशी बोलते."

"सितारामशी बोला. आणि लवकर. नुसतं गोड बोलायला ठेवलंय यांना," हे शेवटचं इन्स्पेक्टरला ऐकू जाईल असं.

सिताराम तिथल्याच गावातले, मशीनवर बसून केस पांढरे झालेले. "मशीन चालू हाय ना बाय," ते म्हणाले. "हितं सगला बरोबर दिसतंय."

"काका, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

फोनवर खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग, "एक जानेवारी."

"आणि साल?"

"माजे पोरीचा लगीन झाला नवता, तवाचा साल हाय गो बाय."

स्मिताला उमगलं. मशीनच्या पोटात घड्याळासाठी एक बारकी बॅटरी असते. मशीन अखंड चालू असेल तर ती मेली तरी कळत नाही. बंद केलं, की ते तारीख विसरतं. बेलापूरची यंत्रणा दोन्हीकडची घड्याळं ताडून बघते. फार अंतर दिसलं, तर पासवर्ड बरोबर असूनही आत सोडत नाही. म्हणजे मशीन बंद झालं होतं.

"काका, नवमीला..." तिने एवढंच म्हटलं.

"कुनाला सांगू नको." सिताराम कुजबुजले. "लेथला सुट्टी, भट्टीला सुट्टी. सगल्यांना फुला घातली. ह्योच एकला घुरघुरत व्हता. आमचेत नवमीला हत्यार चालवत नाय. म्हटला, याला पन इसावा. हलदकुंकू लावला न् बटन दाबला. आज चालू केला तर झाला चालू. मला काय ठाव?"

परवा स्मितानेही पेचकसांचा डबा आणि लॅपटॉप देवापुढे ठेवला होता, आणि दिवसभर हात लावला नव्हता. ते तिने सांगितलं. सिताराम हसले नाहीत.

"सायब मला काढतील. गेले साली एकाला काढला, गेटवर, सगल्यांदेखत शिव्या देऊन."

"तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही."

रोज आंघोळीनंतर देवापुढे ती एकच मागे, जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस. आता त्याच जिभेने हा शब्द दिला होता, आणि तो खोटं न बोलता पाळायचा होता.

ती सांगत गेली, सिताराम एका बोटाने टाइप करत गेले. तारीख बसली. लॉगिनची सेवा थांबवून पुन्हा सुरू झाली. "बॅटरी बदलेपर्यंत धोका आहे," तिने बजावलं. "लाईट गेली की परत हेच."

"मंग परत चवकशी. मंग माजाच नाव."

"आज संध्याकाळी मी येऊन बसवते. तोवर कशाला हात लावू नका."

बेलापूरला अहवाल उघडले. हौसेरावांनी इन्स्पेक्टरला वाटेला लावलं आणि मग फोन केला.

"काय झालं होतं?"

"घड्याळाची बॅटरी संपली होती. मशीन बंद झालं, तेव्हा तारीख विसरलं."

"बंद कोणी केलं? सिताराम?"

"कोणाचंच नाव मी घेणार नाही साहेब."

"म्हणजे माहीत आहे! बाई, गिऱ्हाईक मी आहे का तो कामगार?"

"तुम्ही आहात, साहेब."

"मोठ्या सत्यवादी! थांबा, तुमच्या साहेबांनाच विचारतो."

साहेब म्हणजे ऋषी, वयाने तिच्याहून लहान. त्याने तिला केबिनमध्ये उभंच ठेवलं. "अगं, लाईट गेली होती म्हण ना! तळोज्यात जातेच. कोणाला डाउट पण येणार नाही."

"गेली नव्हती, सर."

"मग नाव दे."

"शब्द दिलाय."

"हे ऑफिस आहे का देऊळ? तुझे उपास सांभाळायचे, तुझे नियम सांभाळायचे, आणि कस्टमरच्या शिव्या मी खायच्या?" त्याने लॅपटॉप पुढे ओढला. "सोमवारपासून तो कस्टमर निखिल बघेल. आणि अप्रेझलला मला हे आठवेल."

"आज मी जाऊन बॅटरी बसवून येऊ?"

"चालू झालंय ना? निखिल बघेल पुढच्या व्हिजिटला. गाडी मिळणार नाही."

"माझ्या वेळात जाईन, सर."

"तुझ्या वेळात काय वाटेल ते कर."

जागेवर येऊन तिने आवराआवर केली. शेजारच्या खुर्चीतल्या निखिलने मान वर केली नाही. ऑफिस सुटल्यावर जिन्यात थांबून तिने घरी फोन लावला.

"आई, आज तिन्हीसांजेचा दिवा तुम्ही लावाल का? मला उशीर होईल."

"नवरात्र सरलं, तसे तुझे नियमही सरले वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई. लावा तुम्ही."

नाक्यावरच्या घड्याळवाल्याने बटणाएवढा सेल कागदात गुंडाळून दिला. तिने तो ओढणीच्या टोकाला बांधला, गाठ ओढून पाहिली. घरची बस समोर येऊन उभी राहिली होती. ती जाऊ देऊन स्मिताने रस्ता ओलांडला आणि तळोज्याकडे जाणाऱ्या बाजूला जाऊन ती उभी राहिली.