पाठ फिरवलेलं फूल

मी एक लाल शिळा बोलतेय. आग्र्याच्या ताजगंज मोहल्ल्यात, कमरुद्दीन मियाँच्या दाराशी भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या अंगावर एक फूल कोरलेलं आहे. येणारे-जाणारे त्याच्या पाकळ्यांवरून बोट फिरवतात आणि मला सोशिक समजतात. मी सोशिक नाही. मी सूड उगवतेय, आणि तो अजून पुरता झालेला नाही.

माझा जन्म तांतपूरच्या खाणीतला. आमच्या जातीचा दगड साडेतीनशे वर्षांपूर्वी ताजच्या कामाला गेला. मकराण्याच्या संगमरवराचं कौतुक साऱ्या दुनियेने केलं. पण त्याला खालून उचलून धरणारा प्रचंड चौथरा आमचा, भोवतीच्या भिंती आमच्या, आणि तो मोठा दरवाजाही आमचाच. कबरीच्या पश्चिमेची मशीद लाल, आणि पूर्वेला तशीच्या तशी उभी असलेली दुसरी इमारतही लाल. या दुसरीत नमाज होत नाही. एका बाजूला मशीद आली म्हणून दुसऱ्या बाजूला तोल साधायला ती बांधली. इथे सगळे तिला जवाब म्हणतात.

ताजचा सगळा जीव या तोलात आहे. इकडे जे, तेच तिकडे. पण आरशात दिसावं तसं. मशिदीच्या कमानीत आतल्या भिंतीवर कोरलेलं फूल ताजकडे मान झुकवतं, तसं जवाबातलंही ताजकडेच मान झुकवतं. जवाबातली अशी एक शिळा भिंतीत मुरलेल्या क्षाराने पार भुगा झाली होती. तिच्या जागी बसवायला माझी निवड झाली. खाणीतून निघताना मला किती अभिमान वाटला होता, काय सांगू! हजारातून एकीच्या वाट्याला असं भाग्य येतं.

मला मुख्तार ठेकेदाराच्या अंगणात उतरवलं. तिथले कारागीर कमरुद्दीनला मान देत. त्याचा हात तर चांगला होताच, पण त्याची नजर अशी की केसाएवढा बाकही सुटत नसे. ईद झाली की त्यालाच उस्तादाची पगडी बांधायची, असा शब्द मुख्तारने दिला होता. त्याच्या बायकोने, नईमाने, पगडीसाठी मलमल धुऊन खळ घालून ठेवली होती.

ईद झाली. मुख्तार टोपलीभर बेढई-पुऱ्या आणि जिलबी घेऊन आला आणि सगळ्यांदेखत पगडी बांधली ती शाकिरच्या डोक्याला. शाकिर त्याचा मेव्हणा.

म्हातारा कारागीर बन्ने जिलबी चावत म्हणाला, "मुबारक हो, शाकिरमियाँ. बहिणीचं लग्न चांगल्या घरी झालं की भावाचा हात आपोआप बसतो म्हणायचा."

सगळे हसले. शाकिरही हसला, कारण त्याला टोमणा उशिरा कळायचा. कमरुद्दीन हसला नाही. त्याने बेढईला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी माझं काम सुरू झालं. मशिदीतल्या फुलावर कागद धरून त्याची आकृती पेन्सिलीने उतरवून आणली होती. त्या रेघांवर सुईने भोकं पाडलेली. असा कागद दगडावर ठेवायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की भोकांतून ठिपके उतरतात आणि कारागीर त्यांवर छिन्नी चालवतो. ही पहिली पुरचुंडी मारायचा मान उस्तादाचा. बाकी कोणी त्या कागदाला हात लावत नाही.

मी जवाबात बसणार होते. म्हणजे कागद पालथा घालायला हवा होता. शाकिरने तो जसा आणला तसाच, रेघा वर ठेवून, माझ्यावर अंथरला.

कमरुद्दीनने एकदाच बघितलं. त्याला कळलं. मीही बघत होते ना.

"उस्ताद, नीट बघून घेतलंत ना?" त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"तू तुझं काम कर, कमरू. बघायला मी आहे."

"जी, उस्ताद."

ठक ठक ठक. काळे ठिपके माझ्या अंगावर उमटले. माझं नशीब तिथेच फिरलं.

बावीस दिवस कमरुद्दीनने मला कोरलं. एखाद्याने चिडून, कसंबसं उरकलं असतं. याने नाही. असं फूल त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. पाकळीची कडा इतकी पातळ की आता वाऱ्याने हलेल असं वाटावं. छिन्नी चालवताना तो पुटपुटायचा, "डोळ्यात भरलं पाहिजे. तपासणीच्या साहेबाच्या पहिल्या नजरेत भरलं पाहिजे." मला सजवत होता तो शाकिरला बुडवण्यासाठी.

एके दुपारी नईमा भाकरी घेऊन अंगणात आली. ताजच्या सावलीत वाढलेली बाई. पदराने हात पुसत तिने मला निरखलं.

"अहो, हे फूल कुणावर रुसलंय? पाठ फिरवून का उभं आहे?"

"हळू बोल."

"म्हणजे तुम्हाला दिसतंय?" तिने कपाळाला हात लावला. "मुख्तारशी भांडा ना. चार लोकांत त्याची पगडी ओढा, मी येते सोबत. पण या मुक्या दगडावर कसला राग काढता?"

"तू भाकरी ठेव आणि जा."

ती गेली. त्या क्षणी मी ठरवलं, की या माणसाला मी सोडणार नाही. मुख्तारला माझ्यातलं काही कळत नव्हतं. शाकिर तर बोलूनचालून आंधळा. पण याला दिसत होतं. दिसत असून, इतक्या मायेने, त्याने माझा घात केला.

मला चुन्यात बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पुरातत्त्व खात्याचे निगमसाहेब तपासणीला आले. कमानीत पाऊल टाकताच थबकले.

"सगळी फुलं ताजकडे बघताहेत. हे एकच भिंतीकडे काय बघतंय?"

मुख्तारचा चेहरा उतरला. त्याने ताबडतोब बोट दाखवलं. "साहेब, कोरलंय या कमरुद्दीनने."

कमरुद्दीन याचीच वाट बघत होता. गुपचूप उचलून ठेवलेला तो कागद त्याने पिशवीतून काढून साहेबांपुढे धरला. "पहिली पुरचुंडी उस्ताद मारतात, साहेब. पेन्सिलीच्या रेघा बघा कुठल्या बाजूला आहेत, आणि कोळसा कुठल्या बाजूला लागलाय तेही बघा."

रेघांची बाजूच काळीकुट्ट होती; म्हणजे कागद पालथा घातलाच नव्हता. साहेबांनी शाकिरला त्याच जागी कामावरून काढलं आणि यापुढे ताजचं काम मुख्तारला नाही, असंही बजावलं. मागे बन्ने हळूच म्हणाला, "गेली रे पगडी, खळीसकट."

कमरुद्दीनची छाती फुगली. सूड कसा गोड लागतो, ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. मग साहेब त्याच्याकडे वळले.

"किती दिवस कोरत होता?"

"बावीस दिवस, साहेब."

"लोक म्हणतात, ताजगंजात तुमच्यासारखी नजर नाही. मग बावीस दिवसांत तुम्हाला दिसलं नाही?"

किती साधा प्रश्न! मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. दिसलं म्हणावं, तर बेइमान. नाही म्हणावं, तर आंधळा. कमरुद्दीनने एकदा माझ्याकडे पाहिलं. खरं बोलला असता, तर देवाशपथ सांगते, मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं असतं.

"नाही दिसलं, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. "डोळे दमले असतील. यापुढे कोरीव काम नको. फरशी बसवा."

मला चार तासांत उखडलं. त्याच ताजमध्ये बेगमची कबर बरोबर मधोमध आहे, आणि बादशहाची मागाहून तिच्या बाजूला सरकवलेली. सगळ्या तोलात ती एवढीच तोल सोडून आहे. तिला कोणी हात लावत नाही. बादशहाने केलं की ते प्रेम, आणि माझ्या अंगावर आलं की ती चूक!

"घेऊन जा तुझं फूल," मुख्तार थुंकत म्हणाला. कमरुद्दीनने मला हातगाडीवर घालून घरी आणलं आणि नळापाशी पालथं टाकलं, फूल चिखलात. तीस वर्षं नईमाने माझ्या पाठीवर धुणं धुतलं. तीस वर्षं तो सपाट फरश्या बसवत राहिला. दारावरून जाताना नवशिके कारागीर त्याला ओळंबा दाखवून विचारायचे, "चच्चा, दिसतंय का?" तो मान खाली घालायचा. मी चिखलात तोंड खुपसून प्रत्येक शब्द ऐकायची.

गेल्या वर्षी गल्लीत गटाराचं काम निघालं. नळ हलवला, मला उचललं. नईमाने माझं फूल स्वतः धुतलं.

"आतच पालथी ठेव तिला," कमरुद्दीन म्हणाला.

"का? चुलीत घालू का? तीस वर्षं मी या फुलाच्या पाठीवर साबण घासला, मुन्नीचे अब्बा. आता ते दारात उभं राहील. लोकांना बघू दे."

तेव्हापासून मी इथे आहे. तो समोरच्या बाजेवर बसतो. कोणी थांबून म्हणतं, "वाह, काय काम आहे! कोणाचा हात?" तो तोंड उघडतो, पुन्हा मिटतो, आणि शेवटी म्हणतो, "माहीत नाही. जुनं आहे." मग बाज सोडून आत जातो. आतून नईमाचा आवाज येतो, "आजही माहीत नाही का?"

तेव्हा माझी तुम्हाला एक विनंती आहे. आग्र्याला आलात, की ताज बघून झाल्यावर ताजगंजात या. कमरुद्दीनचं घर कोणीही दाखवेल. तो बाजेवर असतानाच या. त्याला रागावू नका, जुनं काही उकरू नका. नुसतं माझ्यापुढे उभं राहा, फुलाची मनापासून तारीफ करा आणि कोणी कोरलं ते विचारा. तो आत निघाला, तर थांबवून पुन्हा विचारा.

फूल खरोखरच सुंदर आहे. तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही.