भिंतीला न आवडलेली सून

निर्जीव वस्तूंनाही माणसांची पारख असते. मी विज्ञानाचा पदवीधर. तरीही हे विधान मान्य करतो, कारण त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर जमलेल्या पस्तीस जणांनी ते मान्य केलं होतं आणि छत्तिसावा मी होतो.

झालं होतं असं, की आमच्या खालच्या घरातली भिंत सुनेच्या हातचं शेल्फ ठेवून घेत नव्हती. महिन्याभरात तिने तीनदा लावलं, तीनदा पडलं. पहिल्यांदा सासूबाईंच्या औषधाच्या बाटल्या फुटल्या. दुसऱ्यांदा आरसा. तिसऱ्यांदा ते पाळण्यापासून वीतभर अंतरावर येऊन आदळलं. पाळण्यात पाच महिन्यांचं बाळ होतं. त्याच दिवशी भूतबाधा उतरवणाऱ्या बाबांना बोलावणं गेलं.

बाबांच्या हातात काळा दोरा, दोऱ्याला काळा खडा. त्यांनी भिंतीवर टिचकी मारली. ढब ढब.

"ऐकलंत? आत पोकळ आहे. पोकळीत कोण राहतं?"

"कोण?" पस्तीस जण.

"नाव घेतलं की ते येतं."

नाव घेतलं नाही, ते आलं नाही. सगळ्यांची खात्रीच पटली.

मग खडा भिंतीजवळून फिरू लागला. एका जागी तो दोऱ्यासकट झेपावला आणि पालीसारखा चिकटला. "इथे भिंत निजली आहे," बाबा म्हणाले. तिथेच त्यांनी स्क्रू पिळले, एका ब्रॅकेटचं छोटं शेल्फ लावलं, वर पिठाचा भरलेला डबा ठेवला. शेल्फ हललं नाही. गर्दीतून सुस्कारा निघाला.

"आता हिने. इथे." बाबांनी टीचभर बाजूला बोट ठेवलं.

सुनेने भोक पाडलं, प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळून तसंच दुसरं शेल्फ लावलं, डबा ठेवला. भिंतीने पांढरा चुरा ओकला आणि शेल्फ खाली.

"मी म्हणत नव्हते?" सासूबाईंना धाप लागली होती. "उद्याच्या उद्या माहेरी जायचं. बाळ इथेच राहील."

"आई, अगं..." मुलगा म्हणाला. त्याचं भाषण तिथेच संपलं. मग तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"बाळ अंगावर पितं, आई. मी कुठेही जाते, पण त्याला नेऊ द्या."

"पावडर मिळते बाजारात."

सून भिंतीलाच टेकून बसली. रडण्याचाही आवाज येत नव्हता. तेवढ्यात बाबांनी बाळावरून खडा उतरवायला घेतला. तो लंगोटाजवळ येताच खाली झेपावला.

"बघा! पोरालाही झळ लागली!"

सासूबाई किंचाळल्या. सून मात्र रडायची थांबली. खडा लंगोटाच्या पिनेला चिकटला होता.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. सगळ्यांना वाटलं, बॅग आणायला गेली. ती आली तर हातात फ्रिजवरचं पिवळं बदक. बाळाच्या लसीच्या तारखेचा कागद ते धरून ठेवत असे. तिने ते भिंतीवरून फिरवलं. खडा चिकटला होता तिथेच बदकही चिकटलं. वीतभर खाली पुन्हा. त्याखाली पुन्हा. छतापासून जमिनीपर्यंत सरळ रेघ.

"बदकालाही सिद्धी आहे वाटतं," मागून कुणी मावशी म्हणाल्या.

"बाई, लोहतत्त्व फार गूढ—" बाबा सांगू लागले.

"तुमचा खडा लोहचुंबक आहे, बाबा," सून म्हणाली. " बाळाच्या पिनेला चिकटतो. या भिंतीत कसल्या पिना आहेत?"

मग माझं तोंड उघडलं.

"ही भिंत विटांची नाही. आत पत्र्याचे उभे खांब आहेत आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड स्क्रूने बसवलेत. खडा त्या स्क्रूंना चिकटतो. बाबांचे स्क्रू खांबात गेले. हिचे नुसत्या बोर्डात, म्हणजे बोटभर जाड खडूत. गिट्टीला आवळून धरायला तिथे काही नाही."

"तुम्हाला हो काय माहीत?" सासूबाई.

"बांधकाम चालू असताना रोज बघत होतो."

"मग महिनाभर बोलला का नाहीत, काका?" सून म्हणाली.

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्या घरात ती पद्धतच होती.

तिने बदकाच्या रेघेवर स्क्रू पिळले, डबा ठेवला, वर दुसरा डबा ठेवला. शेल्फ राहिलं. बाबा निघाले तेव्हा खडा लिफ्टच्या दाराला चिकटला. तो सोडवून ते जिन्याने गेले.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरवाल्याने तिला समजावलं: बोर्डाच्या भिंतीत जड शेल्फ खांबातच लावायचं. खांब नसेल तिथे भिंतीमागे छत्रीसारखा उघडणारा बोल्ट घ्यायचा, त्यावर लिहिलेलं वजन वाचायचं आणि त्याच्या निम्मंच ठेवायचं. आपण साध्या स्क्रूलाही 'तू कोणत्या भिंतीचा?' असं विचारतो. सुनेला दोषी ठरवण्याआधी एवढी तरी चौकशी करावी, ही विनंती.

तिची बॅग अजून पलंगाखाली भरलेली आहे. सासूबाई माफीबिफी मागत नाहीत. शेल्फवरून औषध घेतात.

गिट्ट्यांच्या पाकिटावर 'फक्त विटांच्या व काँक्रीटच्या भिंतीसाठी' असं छापलेलं आहे. पाकीट तिला मीच दिलं होतं.