पायाखालची परडी

आई गेल्यानंतरचा परड्या विणण्याचा हा पहिला वर्ग. लीड्सच्या मंडळाच्या हॉलमध्ये वैजयंतीने भिजवलेल्या बांबूच्या कामट्यांची जुडी खाली ठेवली, तर समोर टेबलं मांडलेली.

"यंदा मुलं टेबलावर विणतील," सेक्रेटरी मोहनकाका म्हणाले. "तुझ्या आईंना आम्ही कधी बोललो नाही. वयाचा मान. पण या परड्यांत गणपतीची फुलं ठेवतात, वैजू. त्या पायाखाली धरायच्या म्हणजे... बरं नाही दिसत."

आई साताऱ्याच्या बुरूड घरातली. टोपल्या, सुपं, परड्या करणाऱ्यांची लेक. इथेही शेजाऱ्यांच्या बागांत माजलेला बांबू ती मागून आणायची. लोक सुटलो म्हणत तोडून द्यायचे. परडीचा तळ पायाने दाबायचा, म्हणजे दोन्ही हात विणायला मोकळे. हॉस्पिटलमध्ये बोलणं बंद झाल्यावरही तिने चादरीखाली पाय हलवून दाखवलं होतं: दाब इथे द्यायचा, अंगठ्याच्या मागे.

मुलं जमली. त्यांतल्या कुशने टेबलावर तळ मांडला. दोन कामट्या ओवल्या, की तळ गर्रकन फिरे.

"मावशी, माझा परडी पळून जातोय!"

मुलं हसली. वैजयंती हसली नाही. तिने जुडी उचलली.

"चला, बाहेर."

"अगं, हॉल बुक केलाय आपण!"

"हॉल मंडळाचा आहे, काका. गवत कौन्सिलचं आहे."

गवत गार होतं. मुलांनी बूट काढले, मोजे काढले.

"मावशी, आधी पाय धुवायचे?" आर्याने विचारलं.

"झाल्यावर धू. चिखल लागणारच आहे."

मोहनकाका दारात आले. "मग या परड्या यंदा गणपतीपुढे ठेवता येणार नाहीत. स्पष्ट सांगतो."

"नका ठेवू. पण इतकी वर्षं ठेवल्यात त्या सगळ्या आईच्या पायाखालून आल्यात. बुरुडाच्या पायाखालून. त्यांचं काय करणार?"

काकांनी दार लावून घेतलं.

वैजयंती कुशसमोर बसली. त्याची टाच धरून तिने तळावर टेकवली. तो बिचकून पाय आखडायला लागला.

"मोडेल ना?"

"नाही मोडत," ती म्हणाली. "अजून दाब."