सारख्या वेगाने

त्याने बटण दाबलं आणि मीटरचा काटा हलला.

"बघा वहिनी, कपॅसिटर भरायला लागला," तो म्हणाला.

वहिनी स्टुलावर पुढे सरकून बसल्या. दादा गेल्यानंतर त्या आज पहिल्यांदाच वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. इथेच, याच टेबलाशी, तपासणीला लावलेला, वीज साठवणारा भला मोठा कपॅसिटर फुटून दादा गेला होता. सगळ्यांनी अपघात म्हटलं आणि विषय मिटवला. वहिनींना मात्र तो कसा झाला हे डोळ्यांनी बघायचं होतं. दाखवणं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. पण त्यांना नाही म्हणवेना. शेवटी त्याने अंगठ्याएवढा कपॅसिटर जोडला आणि व्होल्टेजची मर्यादा दोनदा तपासली.

"भरत आला की वेग कमी होत असेल ना? बादली भरत आली की आपण नळ बारीक करतो, तसा?"

"साध्या जोडणीत होतो. हा सप्लाय करंट सारखाच ठेवतो, म्हणून व्होल्टेज शेवटपर्यंत एकाच वेगाने चढतं. मर्यादा लावली असेल तिथे थांबतं. नाहीतर कपॅसिटरला झेपेल त्याच्याही पुढे जातं."

"ह्यांनी लावली नव्हती?"

"दादा काट्यावर नजर ठेवून हातानेच बंद करायचा. इतक्या वर्षांत कधी चुकला नाही."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. काटा ठरल्या जागी येऊन थांबला, तरी वहिनी तिकडेच बघत होत्या.

"तेव्हा ते फोनवर होते," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याशी. पडद्याला निळं कापड घेऊ की पिवळं, एवढंच विचारत होते मी. इथे नीट ऐकू येत नाही म्हणून खिडकीकडे तोंड करून बोलायचे ना ते?"

"मीटर बिघडला होता, वहिनी," तो घाईघाईने म्हणाला. "काटा अर्ध्यावरच अडकला होता. दादा समोर बघत असता तरी कळलं नसतं."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ. तो मान खाली घालून तारेने कपॅसिटर रिकामा करू लागला. तार जागेवर टेकेना.

वहिनी उठल्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं, तार टेकेपर्यंत.

"आमची मुलगी मोठी झाली की विचारेल," त्या म्हणाल्या. "तिलाही हेच सांगा, भाऊजी. मीटर बिघडला होता."