एकादशीची मोजणी

मी माळकरी घरातली सून आणि पगार घेते दारू तपासण्याचा. नाशिकच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी रेड वाईनमधलं आर्सेनिक मोजते. सासूबाईंची एकच अट होती, एकादशीला दारूला हात लावायचा नाही. त्यामुळे माझा सहकारी ओम आदल्या दिवशीच नमुने मशीनच्या ट्रेमध्ये भरून ठेवायचा. स्टँडर्डं, म्हणजे ज्यांच्याशी ताडून नमुना मोजायचा ती द्रावणंही, एकादशीला तोच करायचा. वाईनमधल्या अल्कोहोलमुळे मशीन आर्सेनिक वाढवून दाखवतं, म्हणून स्टँडर्डांतही तेवढंच अल्कोहोल घालावं लागतं.

त्या एकादशीला ओम येवल्याला लग्नाला गेला होता. मी स्टँडर्डं नुसत्या पाण्यात केली. हातात मोजे असतात, तरीही. एका दिवसाने काय होतंय, असं वाटलं.

आकडा आला लिटरमागे एकशे अठ्ठावीस मायक्रोग्रॅम. खरेदीदाराची मर्यादा होती शंभर. आर्सेनिकची जास्त विषारी आणि कमी विषारी रूपं मी आदल्या दिवशीच वेगवेगळी मोजली होती. त्या मोजणीत वाईनमध्ये भरपूर पाणी घालतात, त्यामुळे तिथे अल्कोहोलचा घोळ होत नाही. त्या सगळ्यांची बेरीज आली शहाऐंशी. फरक मला दिसला होता. पण उपासाने डोकं चढलं होतं, घरी जायचं होतं. मी रिपोर्ट पाठवून दिला.

आठवड्याने ओम आला, त्याने वही बघितली आणि पुन्हा मोजणी केली. सत्त्याऐंशी. दुरुस्त रिपोर्ट त्याच दिवशी गेला. पण ती वाईन पिंपळगावच्या रंगनाथ यांच्या मळ्यातल्या द्राक्षांची होती, आणि जुना आकडा त्यांच्यापर्यंत पोचला होता. मला कुणी जायला सांगितलं नव्हतं. लाजेने जेवण जाईना म्हणून मी गेले.

विहिरीच्या मोटारीला कुलूप होतं. त्यांच्या पत्नी बयाबाईंनी मला पाणी दिलं.

"टँकरचं हाय, बिनघोर प्या," त्या म्हणाल्या. "विहिरीचं आता कोणी पीत नाय, त्यातूनच द्राक्षांत इष गेलं म्हणत्यात."

तो पेला खाली ठेवून मी सांगितलं की आकडा चुकला होता, तुमच्या द्राक्षांत दोष नाही.

"कशानं चुकला?" रंगनाथ यांनी विचारलं.

मशीनवर ढकलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. मी एकादशीचं सांगितलं.

त्यांनी सदऱ्याच्या आतली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. "मी बी माळकरी. तोडणीच्या वेळी वाईनवाल्यांची गाडी द्राक्षं न्यायला एकादशीलाच आली होती. मीच भरून दिली."

 ते उठले, कुलूप काढलं, मोटार चालू केली आणि विहिरीचं पाणी पेल्यात भरून माझ्यासमोर धरलं.

मी ते सगळं प्यायले.

बयाबाईंनी माझ्या हातातून पेला घेतला, विसळला आणि टँकरच्या पाण्याच्या पिंपातून भरून नवऱ्याला दिला.